शिंपलेवाल्या वीत्स्केची तीनचाकी

"अगं, ती वीत्स्के म्हणे सोडून चालली..."

एवढंच कानावर आलं आणि समोरच्या हिल्त्येबाईंनी खिडकी लावून घेतली. वारा सुटला होता, त्याला त्या तरी काय करणार! पण माझा जीव टांगणीला लागला. सोडून चालली म्हणजे काय सोडून चालली? नवऱ्याला? गावाला? की मला?

मी कोण, ते आधी सांगायला हवं. मी पेटीची सायकल. मागे एक चाक, पुढे दोन, आणि त्या दोन चाकांच्या मधे लाकडाची ऐसपैस पेटी. आमच्या हार्लिंगनच्या बंदरावर माझ्यासारख्या पुष्कळ जणी फिरतात. कुणाच्या पेटीत पोरं, कुणाच्या पेटीत कुत्रं, कुणाच्या पेटीत शनिवारचा बाजार. माझ्या पेटीत मात्र चिखल असतो. समुद्राचा, काळा, वासाचा.

रस्त्यावर उभं राहणाऱ्याला गावाची खबर घरात बसणाऱ्यापेक्षा जास्त असते. त्यातून आमच्याकडे खिडकीचे पडदे ओढायची पद्धत नाही. कोण काय खातंय, कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डब्याचं झाकण कुणी किती घाईनं लावलं, सगळं मला दिसतं. मी बघते. खोटं कशाला बोलू, आवडीनं बघते. शाळेचं तोंड मी फक्त फाटकाबाहेरून पाहिलंय, त्यामुळे माझ्या बोलण्यात मोठे शब्द सापडायचे नाहीत.

माझा जन्म दोन भावांच्या भांडणातून झाला. एक लोखंड वाकवायचा, दुसरा लाकूड तासायचा. पेटी गुडघ्याएवढी असावी, म्हणजे सायकल हलकी राहते, असं एकाचं म्हणणं. कमरेएवढी हवी, नाहीतर मुलं बाहेर पडतील, असं दुसऱ्याचं. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या आईनं येऊन मांडीएवढी करायला लावली. म्हणून मी ना हलकी ना खोल. पण मजबूत आहे.

पहिली मी एका पाववाल्याकडे होते. सकाळी गरम साखरपावांनी पेटी भरायची आणि सारा गाव माझ्या वासानं जागा व्हायचा. ते सुखाचे दिवस. मग त्यानं मोटार घेतली, आणि मी गेले परसात. माझ्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही, उबदार असतात बिचाऱ्या. पण चाकं असून जागच्या जागी उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

सुटका झाली ती राजाच्या वाढदिवसाला. त्या दिवशी आमच्या गावात घरोघरची अडगळ रस्त्यावर येते. जो तो चादर पसरून माळ्यावरची भांडी, खेळणी, सासूनं दिलेले दिवे विकायला बसतो. पाववाल्याच्या बायकोनं मलाही पुसून बाहेर काढलं. तिथं एक उंच, लाल नाकाची बाई आली. पोट चांगलं दिसत होतं. तिनं माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, पेटीत हात पसरून माप घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"डाउवे, ही घेऊ या."

"वीत्स्के, आपण पाळणा बघायला आलो होतो."

"हा पाळणाच आहे की! शिवाय यात बादल्या मावतील."

डाउवे बेटांवर जाणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. न चालणाऱ्या गोष्टींवर त्याची माया. त्यानं माझी साखळी हातानं फिरवून पाहिली आणि हसला. मी त्यांची झाले.

वीत्स्केचं काम काय, ते मला कळायला वेळ लागला. ती शिंपल्यांचा अभ्यास करते. काळे, बोटाएवढे शिंपले असतात ना, एकमेकांना धरून चिखलात गादीसारखे पसरतात, ते. ते समुद्राचं पाणी पोटात घेतात, त्यातलं खाणं ठेवून घेतात आणि पाणी निवळ करून सोडतात. शिंपल्यांची गादी असली की चिखल जागचा हलत नाही, माशांची पिल्लं तिथं वाढतात, पक्षी येतात. आमच्या किनाऱ्यावरच्या गाद्या कधीच्या विरल्या होत्या. वीत्स्केनं काथ्याच्या दोरांच्या जाळ्या चिखलात अंथरल्या आणि शिंपल्यांना धरायला आधार दिला. धरतील की वाहून जातील, हे बघायला ती रोज ओहोटीला खाली उतरायची. मी बांधावर उभी. पेटीच्या एका बाजूला बादल्या, दुसऱ्या बाजूला नीन्के, तिची लेक, टोपीत गुंडाळलेली.

"आई चिखलात, पोर सायकलीत," हिल्त्येबाई येता-जाता म्हणायच्या. "आणि डाउवे बिचारा संध्याकाळी स्वतः बटाटे सोलतो!"

हिल्त्येबाई म्हणजे समोरच्या घरातल्या. नवरा गेल्यापासून खिडकीत असतात. मनानं वाईट नाहीत. पोराला ताप आला तर सगळ्यात आधी सूप घेऊन त्याच येतात. फक्त सूप देताना एक टोमणाही वाढतात.

बंदरावर मी आणखी एक गंमत पाहिली. वीत्स्के आणि डाउवे दोघं मला घेऊन उभे असले की कोळी समुद्राबद्दलचे प्रश्न डाउवेला विचारायचे. तो म्हणायचा, "मला इंजिनातलं विचारा. शिंपल्यांच्या डॉक्टर ह्या." मग ते वीत्स्केकडे बघायचे आणि विचारायचे, "लेक किती वर्षांची झाली?"

ती ज्या संस्थेत होती तिथली नोकरी कायमची नव्हती. दर थोड्या दिवसांनी मुदत वाढायची. एका हिवाळ्यात सांगितलं गेलं की आता वाढ नाही. एकतर कायम करावं लागेल, नाहीतर निरोप द्यावा लागेल, तसा कायदाच आहे, आणि कायमची जागा तर कुणालाच नाही. उन्हाळा लागला की वीत्स्के घरी. तिच्या जाळ्या उचलल्या जाणार, आणि जेमतेम धरलेले शिंपले तळ खरवडत जाळी ओढणाऱ्या बोटींच्या वाटेत येणार.

एकच दार उघडं होतं. समुद्राच्या कामांना पैसा देणारा एक निधी होता. त्याच्या तेर होर्स्टबाई म्हणाल्या होत्या, "मी स्वतः येऊन बघते. तुमचे शिंपले टिकतील असं तुम्ही लिहिलंय, ते मी वाचलंय. पण गावाला ते हवेत का? गाव पाठीशी नसेल तर उद्या कुणीतरी त्यावर जाळं ओढणार."

म्हणून वीत्स्केनं सगळ्या गावाला बोलावलं. मार्चमधल्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाला, बांधावर. ओहोटीला तिच्यासोबत चिखलात उतरायचं आणि शिंपल्यांची गादी डोळ्यांनी बघायची. भाषण नाही. भाषणाला ती भारी घाबरायची. चार माणसं समोर आली की तिची नजर आपल्या बुटांवर जायची आणि तिथंच राहायची.

"चिखलच बोलेल," ती डाउवेला म्हणाली.

"चिखलाला तोंड नाही, वीत्स्के. थोडं तूही बोल."

मग ती छपरीत येऊन माझ्यासमोर तयारी करायची. मी तिची पहिली श्रोती. काय बोलली म्हणाल तर मला एक अक्षर कळलं नाही, आणि मी तर तिच्या बाजूची! सगळे जडजड शब्द, सगळी वाक्यं रेल्वेच्या मालगाडीसारखी. माझ्या मनात यायचं, अगं बाई, नीन्केला सांगतेस तसं सांग ना.

तर अशा दिवसांत ती अर्धी बातमी माझ्या कानावर आली होती. सोडून चालली म्हणे. आणि दोन दिवसांनी डाउवे माझ्या पेटीचा तळ चाचपून म्हणाला, "खाऱ्या पाण्यानं सडलाय. आता हिचं काय करायचं ते उन्हाळ्यात बघू." तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

रविवार उजाडला. आकाश स्वच्छ, वारा मात्र बोचरा. वीत्स्केनं मला भरलं. संस्थेतून आणलेलं शेवाळाचं हिरवं पाणी, दोन मोठ्या काचेच्या बरण्या आणि बादलीत ओले शिंपले. बरण्या मुलांसाठी होत्या, परत आल्यावर दाखवायला. डाउवेनं घट्ट वाटाणा सूपचं भांडं वर ठेवलं. नीन्के त्या भांड्याला मिठी मारून बसली.

बांधावर पोचलो तर माणसंच माणसं. रबरी बूट घातलेली पोरं, आया, चर्चमधून परस्पर आलेले म्हातारे. हिल्त्येबाई सगळ्यात पुढे, चांगला कोट घालून. "मी नुसती बघायला आलेय, चिखलात पाय घालणार नाही," हे त्यांनी न विचारताच सगळ्यांना सांगितलं. फोपेही होते. दोन पिढ्या शिंपले पकडणारं घर त्यांचं. हात खिशात, जबडा पुढे. आणि काळ्या कोटातल्या तेर होर्स्टबाई, अगदी वेळेवर.

वीत्स्के बांधाच्या माथ्यावर चढली, समुद्राकडे पाहिलं आणि तिथंच थिजली.

पाणी होतं. शिंपल्यांच्या पट्ट्यावर अजून चांगलं कमरेएवढं पाणी होतं.

झालं होतं असं. आदल्या रात्री सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे गेली होती, उन्हाळ्याची वेळ लागली होती. पण भरती-ओहोटीचं कोष्टक बारा महिने हिवाळ्याच्या वेळेतच छापतात. उन्हाळ्यात आपण मनातल्या मनात एक तास मिळवायचा असतो. बंदरावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. वीत्स्के तर वर्षानुवर्षं झोपेतही तास मिळवत आलेली. पण बोलावणं तिनं थंडीत केलं होतं, आणि नेमक्या त्याच रविवारी घड्याळ बदलतं हे तिच्या ध्यानातून गेलं. घड्याळं बदलतात, समुद्र थोडाच बदलतो! तो आपला आपल्या वेळेनं उतरत होता.

"तास चुकला," ती डाउवेला हळूच म्हणाली. "पट्टा उघडायला अजून तास आहे."

तेर होर्स्टबाईंनी घड्याळ पाहिलं. "मला अकराला निघायचंय. पुढची गाडी मिळाली नाही तर आजचा दिवस गेला."

फोपे मोठ्यानं हसले. "ओहोटी कधी ते माहीत नाही, आणि म्हणे आम्ही कुठं मासेमारी करायची ते ह्या ठरवणार!"

लोक हसले. एकदोघांनी सायकली वळवल्या. वीत्स्केची नजर बुटांवर गेली. मला वाटलं, संपलं. ती आता सॉरी म्हणेल, सगळे घरी जातील आणि हिल्त्येबाईंची बातमी पुरी होईल.

तेवढ्यात नीन्केनं सूपाच्या भांड्यामागून डोकं काढलं. "आई, मग शिंपल्यांना आत्ताच हिरवं पाणी पाज ना. त्यांना भूक लागलीय."

वीत्स्केनं लेकीकडे पाहिलं, मग बरण्यांकडे. काय मनात आलं कोण जाणे. तिनं सूप डाउवेच्या हातात दिलं, नीन्केला उतरवलं आणि बूट-बीट सगळ्यासकट माझ्या पेटीत चढली. माझा सडका तळ कुरकुरला. मी चाकं घट्ट रोवली. म्हटलं, मोडले तर मोडले, पण आत्ता नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. या वेळी नजर वर होती. "समुद्र बरोबर आहे. तास वाट बघावी लागेल. तोवर माझ्याकडे दोन बरण्या आहेत."

तिनं पेटीच्या पुढच्या फळीवर बरण्या ठेवल्या, दोन्हींत ते हिरवं, गढूळ पाणी ओतलं. एकीत मूठ मूठ करून शिंपले सोडले. दुसरी तशीच.

"ह्यात काय बघायचं?" कुणीतरी विचारलं.

"आत्ता काही नाही. शिंपले लाजाळू असतात. गर्दी बघून तोंड मिटतात. माझ्यासारखे."

लोक हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. आणि मग ती बोलू लागली. मालगाडी नाही, काही नाही. नीन्केला सांगते तसं. शिंपला पाय कसा काढतो, धागा कसा टाकतो, शेजाऱ्याला कसा धरतो. एकटा शिंपला लाटेबरोबर वाहून जातो, म्हणून शेजारी हवाच.

"आणि शेजारीण खिडकीत बसणारी असली तर?" मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"तर उत्तमच," वीत्स्के म्हणाली. "कुणी सुटून चाललं तर तिला आधी दिसतं."

हिल्त्येबाईंनी मान ताठ केली. रागावल्या की सुखावल्या, मला कळलं नाही. पण त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "त्या दुसऱ्या बरणीतलं हिरवं खाली बसेल आपोआप. मग फरक कसला तो?"

"बरोबर बोललात! म्हणून दोन्ही मधून मधून ढवळायच्या. हा घ्या चमचा."

झालं. हिल्त्येबाई चांगल्या कोटाच्या बाह्या वर करून बरण्या ढवळू लागल्या, आणि मधे कुणाला हात घालू देईनात.

फोपे मात्र हलले नाहीत. "पाणी साफ करतात, ठीक आहे," ते म्हणाले. "पण तो पट्टा तुम्ही अडवला तर आम्ही काय खायचं? पाणी?"

हाच प्रश्न होता, आणि तेर होर्स्टबाई कान देऊन ऐकत होत्या.

वीत्स्के त्यांच्याकडे वळली. "ते मला अजून पुरतं माहीत नाही, फोपे," ती म्हणाली. "गादी मोठी झाली तर तिच्यातून सुटलेली पिल्लं वाहत बाहेर तुमच्या जागेत जाऊन बसतील, असं मला वाटतं. वाटतं. बघायला अजून काही वर्षं लागतील. आत्ताच हो म्हणाले तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

"माहीत नाही म्हणणारा शास्त्रज्ञ पहिल्यांदाच बघतोय," फोपे पुटपुटले.

"बाई आहे ना," हिल्त्येबाई चमचा न थांबवता म्हणाल्या. "पुरुषाला एव्हाना सगळं माहीत असतं."

फोपे हसले नाहीत. पण खिशातून हात काढून त्यांनी चष्मा लावला आणि बरणीपाशी येऊन वाकले.

गप्पा चालल्या, सूप फिरलं, पोरांनी भलते भलते प्रश्न विचारले. शिंपल्याला डोळे असतात का? तो शी कुठं करतो? वीत्स्केनं सगळ्यांची उत्तरं दिली, शीचं तर फार मन लावून दिलं. आणि मग एक लहान मुलगी ओरडली, "आजी दिसतेय! बरणीतून आजी दिसतेय!"

खरंच. एक बरणी अजून हिरवी गढूळ. दुसरीतून मात्र पलीकडच्या हिल्त्येबाईंचं नाक, चष्मा, सगळं लख्ख दिसत होतं. सगळे नुसतं बघत राहिले. घाईच्या भाषणात हे दाखवताच आलं नसतं. त्याला तासच लागतो, तो वीत्स्केच्या चुकीनं मिळाला.

तेवढ्यात घड्याळं फिरवायला विसरलेली मंडळी डुलत डुलत आली. पट्टा नुकताच उघडा पडत होता. "बरोबर दहाला आलो ना?" त्यांनी विचारलं. बांधभर जो हशा पिकला म्हणता!

तेर होर्स्टबाईंना मात्र निघायलाच हवं होतं. त्या माझ्यापाशी थांबल्या, पेटीच्या काठावर हात ठेवून.

"मीही एके काळी मासे मोजायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मग मुलं झाली, आणि मासे सुटून कचेरीतली टेबल-खुर्ची आली. पुन्हा समुद्रावर जायचं राहूनच गेलं." मग घसा साफ करून नेहमीच्या आवाजात, "तुमचा पट्टा मी बघितला नाही, डॉक्टर. त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. गाव मात्र बघितलं."

त्या गेल्या. वीत्स्के सगळ्यांना घेऊन चिखलात उतरली. हिल्त्येबाईही उतरल्या आणि एक बूट चिखलात हरवून आल्या.

निधीचा निर्णय कळायला पुढचा महिना गेला. फोन आला तेव्हा वीत्स्के मला चालवत होती. ती रस्त्याच्या मधेच थांबली, मागून घंट्या वाजू लागल्या. मोठ्या कामाला पैसे मिळाले नाहीत. पण आठवड्यातले तीन दिवस शिंपल्यांचं काम चालू ठेवायला मिळाले, आणि बंदरावरची जुनी, रिकामी मासळीची वखार मिळाली. अट एवढीच, दर शनिवारी वखारीचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. संस्थेतली जागा मात्र गेलीच. तिथून निघताना तिनं कपाटाची किल्ली दिली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे पाहिलं नाही. वळल्यावर मात्र थांबून बराच वेळ रडली. मी होते ना सोबत. उरलेले दोन दिवस ती शाळेत शिकवते. पगार आखडला, कायमचं काही नाही, जाळ्या मात्र जागेवर आहेत.

आणि मी? उन्हाळ्यात डाउवेनं माझा सडका तळ काढला आणि नव्या जाड फळ्या ठोकल्या, माणूस उभं राहिलं तरी कुरकुरू नये अशा. आता मी वखारीच्या दारात असते. शनिवारी कधी वीत्स्के माझ्यात चढून बोलते, कधी तिची एखादी मैत्रीण. कुणी ढगांचा अभ्यास करणारी, कुणी जंतूंचा. एक तर आली आणि चढायलाच घाबरली. तिला हिल्त्येबाईंनी मागून ढकललं. शनिवारी चमचा त्यांच्याच हातात असतो. फोपे दाराशी येऊन दर वेळी एकच विचारतात, "काय, अजून माहीत नाही ना?" आणि ती दर वेळी प्रामाणिकपणे सांगते, "अजून नाही."

माझ्या गंजलेल्या घंटेतून तुमच्यापाशी एकच मागणं आहे. बाजारात अजून माणसं म्हणतात, वीत्स्के सोडून गेली म्हणे. मला उत्तर देता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. कुणी असं म्हणालं तर रागावू नका, अर्धं खरं आहे म्हणा. आणि उरलेलं अर्धं दाखवायला त्याला शनिवारी बंदरावर घेऊन या.